पर्वरी, ताळगाव की घोगळ? कॉलन्यांचे वीस वर्षांचे भाव स्वतःच कसे ताडून बघायचे

गोव्यात फ्लॅटची गोष्ट निघाली की चर्चा दोनच वाक्यांत संपते, "पर्वरीत भाव कुठच्या कुठे गेले" आणि "मडगावात तेवढे नाही वाढले". ही दोन वाक्यं ऐकून लोक आईबाबांचा मडगावातला घोगळचा फ्लॅट विकून टाकतात, नाहीतर पणजीजवळ ताळगावात कर्ज काढून बसतात, आणि कागदावर चार आकडे मांडून बघितलेले नसतात. मला हे फार खटकतं, कारण पगारदार माणसाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा व्यवहार आणि तोच आपण ऐकीव माहितीवर करतो. म्हणून ही पद्धत लिहितोय. वही किंवा एक्सेल, थोडा संयम आणि सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या काही फेऱ्या, एवढंच लागतं.

आधी एक सांगून ठेवतो म्हणजे पुढचं सगळं त्यावर बसेल: दोन कॉलन्यांतलं अंतर रुपयात मोजू नका, पटीत मोजा. रुपयातलं अंतर जवळजवळ नेहमीच वाढलेलं दिसतं आणि त्याने माणूस फसतो.

उदाहरण घेऊ, आकडे नुसते समजण्यासाठी आहेत, खऱ्या कॉलनीचे नाहीत. 'अ' कॉलनीत २००५ मध्ये टू-बीएचके २० लाखाला होता, २०२५ मध्ये ८० लाख. 'ब' कॉलनीत तसाच फ्लॅट २००५ मध्ये १२ लाख, २०२५ मध्ये ६० लाख. रुपयात बघितलं तर अंतर ८ लाखावरून २० लाख झालं, म्हणजे 'अ' पुढे पळाली असं कोणीही म्हणेल. आता पटीत बघा, आधी 'अ' ही 'ब' च्या १.६७ पट महाग होती, आता १.३३ पट. म्हणजे पळाली ती 'ब'. 'अ' चौपट झाली, वर्षाला साधारण ७.२ टक्के चक्रवाढ, आणि 'ब' पाचपट, वर्षाला ८.४ टक्के. त्याच चार आकड्यांतून दोन उलट निष्कर्ष निघतात, आणि एजंट कुठला ऐकवेल ते त्याला काय विकायचंय त्यावर आहे.

पटीचा आणखी एक मोठा फायदा आहे तो खाली कागदावरच्या भावाचं बोलताना सांगतो.

आता तयार आकडे कुठे मिळतात का ते बघू, कारण पहिला प्रश्न हाच येतो. रिझर्व्ह बँकेचा घरांचा इंडेक्स आहे पण त्यात मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, कोची अशी मोठी शहरं आहेत, गोव्यातलं एकही नाही. नॅशनल हाउसिंग बँकेचा रेसिडेक्स २००७ पासून आहे, तोही शहराच्या पातळीवरचा, कॉलनी-कॉलनीतला फरक त्यात सापडणार नाही. प्रॉपर्टीच्या साइटवर जे ग्राफ दिसतात ते बहुतेक मागितलेल्या भावाचे असतात, झालेल्या सौद्याचे नाही. म्हणजे आपल्याला आपणच करावं लागणार.

हाँगकाँगमध्ये हे काम सोपं आहे बघा. तिथे मेई फू सन च्युएन नावाची एक वसाहत आहे, ९९ टॉवर आणि तेरा हजारांच्या आसपास फ्लॅट. एवढे एकसारखे फ्लॅट असले की दर आठवड्याला सौदे होतात आणि भाव आपोआप समजतो, तिथला सेंटा-सिटी इंडेक्स अशाच मोठ्या वसाहतींच्या सौद्यांवर चालतो, जुलै १९९७ म्हणजे १०० धरून. आपल्याकडे एका कॉलनीत शे-दोनशे फ्लॅट, वर्षाला हातावर मोजण्याइतके सौदे, त्यातला एक तळमजल्यावरचा गळका आणि एक रिनोव्हेट केलेला. म्हणून आपली पद्धत थोडी वेगळी लागते. पण हाँगकाँगकडून एक गोष्ट शिकायची ती म्हणजे सुरुवातीचं वर्ष किती घात करतं. तिथे १९९७ च्या शिखरापासून २००३ च्या तळापर्यंत भाव साधारण दोन तृतीयांश पडले होते. १९९७ पासून मोजणाऱ्याला वाटतं घर म्हणजे खड्डा आणि २००३ पासून मोजणाऱ्याला वाटतं सोन्याची खाण, वसाहत तीच. आपल्याकडे एवढी पडझड झाली नाही, तरी कुठल्याही तुलनेत एकच सुरुवातीचं वर्ष धरू नका, २००५, २०१०, २०१५ अशी दोन-तीन धरून बघा. निष्कर्ष तिन्ही वेळी तोच आला तर तो खरा.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं म्हणजे कॉलन्या निवडायच्या, आणि सारख्याला सारखं लावायचं. गोवा गृहनिर्माण मंडळ १९६८ च्या कायद्याखाली झालं आणि त्याच्या वसाहती पर्वरी, म्हापसा, कोलवाळ, कुर्टी-फोंडा, सांकवाळ, मडगावला घोगळ आणि रुमडामळ-दवर्ली अशा पसरलेल्या आहेत. हाउसिंग बोर्डची पर्वरी आणि हाउसिंग बोर्डची घोगळ ही तुलना चांगली, कारण बांधणी आणि काळ जवळपासचा. पण बोर्डची जुनी कॉलनी आणि कदंब पठारावरचं नवं स्विमिंग पूलवालं कॉम्प्लेक्स ही तुलना करून काही हाती लागत नाही. बोर्डच्या कॉलनीतसुद्धा दोन प्रकार असतात, प्लॉटवरचं स्वतंत्र घर आणि मजल्याचा फ्लॅट, ते दोन्ही एका रकान्यात कधीच टाकू नका. प्लॉटवरच्या घराचा भाव जमिनीसारखा चढतो, फ्लॅटचा भाव इमारतीच्या वयाबरोबर दबतो. "पर्वरी हाउसिंग बोर्डात अमक्याला एवढे कोटी मिळाले" ही जी बातमी फिरते ती बहुतेक वेळा प्लॉटची असते आणि ऐकणारा आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला तोच भाव लावून मोकळा होतो.

मग माप एक करायचं. आपल्याकडे चौरस मीटर चालतं, मुंबई-दिल्लीचे लोक स्क्वेअर फुटात विचारतात, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ स्क्वेअर फूट एवढं लक्षात ठेवा. पण खरी गोची कार्पेट (भिंतींच्या आतलं माप), बिल्टअप (भिंती-बाल्कनी धरून) आणि सुपर बिल्टअप (जिना-लॉबीचा वाटाही धरून) यांची आहे. बिल्डरांच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणारा रेराचा कायदा २०१६ चा, गोव्याचे नियम २०१७ मध्ये आले, त्यानंतरच्या प्रोजेक्टमध्ये कार्पेट सांगावाच लागतो, पण त्याआधीच्या सेल डीडमध्ये म्हणजे खरेदीखतात नुसतं "१०० चौरस मीटर" लिहिलेलं असतं आणि त्यात जिना किती, बाल्कनी किती ते कळत नाही. शक्य असेल तिथे मंजूर प्लॅन मागून किंवा सरळ टेप घेऊन आतलं माप घ्या. समजा जुन्या बिल्डिंगमधला १०० मीटरचा फ्लॅट ७० लाखाला, आत प्रत्यक्ष ८५ मीटर. नव्या कॉम्प्लेक्समधला १०० मीटरचा ६८ लाखाला, आत प्रत्यक्ष ६८ मीटर, कारण लॉबी, क्लबहाउस सगळं त्यात मोजलंय. वरवर नवा स्वस्त. कार्पेटवर काढलं तर जुना मीटरला ८२ हजार आणि नवा मीटरला एक लाख. सगळी तुलना कार्पेटवरच करायची, नाहीतर मुळातच चूक.

आता भाव कुठून आणायचे. इथे वेळ घालवा, बाकीचं गणित अर्ध्या तासाचं आहे. गोव्यात नोंदणी तालुक्यावार आहे, म्हणजे पणजी-ताळगावसाठी तिसवाडी, पर्वरी-म्हापशासाठी बारदेश, मडगावसाठी सासष्टी, वास्को-सांकवाळसाठी मुरगाव. ज्या फ्लॅटमध्ये तुम्हाला रस आहे त्याचं एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढलं की मागच्या वर्षांतले नोंद झालेले व्यवहार कळतात आणि त्या डीडची सर्टिफाइड कॉपी मागता येते. पण त्याआधी सोप्या वाटा बघा, कॉलनीत राहणारे ओळखीचे, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि ज्यांनी अलीकडे घेतलंय ते लोक. घर घेतलेला माणूस स्वतःच्या घराचा भाव सांगायला कचरतो पण "तुम्ही ज्याच्याकडून घेतलंत त्याने कधी आणि कितीला घेतलं होतं" हे मात्र बरेचदा लगेच सांगतो, कारण मागची डीड त्याच्याच फाइलमध्ये असते. आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय.

का, तर सगळ्यात भरवशाचा आकडा म्हणजे एकच फ्लॅट दोनदा विकला गेलेला. तोच मजला, तीच दिशा, तोच कार्पेट, बदललं फक्त वर्ष. घरांचे भाव मोजण्याच्या शास्त्रात याला रिपीट सेल म्हणतात, १९६३ मध्ये बेली, मथ आणि नॉर्स या तिघांनी ही पद्धत मांडली आणि आजही जगातले मोठे इंडेक्स त्यावर चालतात. तुम्हाला एका कॉलनीतल्या अशा सहा-सात जोड्या मिळाल्या तरी त्या शंभर जाहिरातींपेक्षा मोलाच्या आहेत.

जोड्या जमवल्या की त्यातल्या बिघडलेल्या बाजूला काढायच्या. भावाने भावाला हिस्सा सोडून दिला, मामाने भाच्याला कमीत दिला, बँकेने लिलावात विकला, कोर्टात अडकलेला होता म्हणून स्वस्त गेला, हे सगळे व्यवहार भाव सांगत नाहीत. गोव्यात हे जरा जास्तच बघावं लागतं कारण इथल्या सिव्हिल कोडप्रमाणे लग्नानंतर सहसा मालमत्ता नवरा-बायको दोघांची होते, विकताना दोघांच्या सह्या लागतात, आणि मालक वारला की वारसांची इन्व्हेंटरी म्हणजे कोर्टातली वाटणी होईपर्यंत विक्री अडते. एखादा भाऊ लिस्बनला, एक बहीण कॅनडात, सह्या गोळा होईपर्यंत वर्षं जातात आणि शेवटी कंटाळून फ्लॅट दहा-पंधरा टक्के कमीत जातो. तो कमी भाव कॉलनीचा नाही, कागदांचा आहे. दुसऱ्या बाजूला, फ्लॅटमध्ये दोन सौद्यांच्या मधे नवं किचन, नव्या टाइल्स, नवं वायरिंग झालं असेल तर तो खर्च दुसऱ्या भावातून वजा करा, नाहीतर रिनोव्हेशनचे पैसे तुम्ही भाववाढ म्हणून मोजाल.

आता कागदावरचा भाव. जुन्या डीडमध्ये खूपदा खऱ्यापेक्षा कमी रक्कम दाखवलेली असायची हे सगळ्यांना माहीत आहे. याचा परिणाम असा की २००३ चा भाव कागदावर छोटा, २०२३ चा त्यामानाने खरा, आणि मधली वाढ प्रचंड दिसते. यावर दोन उपाय. एक, बँक लोनवर घेतलेले फ्लॅट निवडा, तिथे बँकेचं व्हॅल्युएशन असतं आणि आकडा खऱ्याच्या जवळ असतो. दुसरा उपाय म्हणजे तीच वर सांगितलेली पट. त्या काळात दोन्ही कॉलन्यांत साधारण सारख्याच प्रमाणात रक्कम कमी दाखवली जात असेल तर 'अ' भागिले 'ब' करताना ती चूक वरून-खालून कटते. म्हणजे एकेका कॉलनीची वाढ किती हे चुकलं तरी कोण कोणाच्या पुढे गेली हे बरंचसं बरोबर येतं. म्हणूनच मी पटीवर एवढा अडून बसलोय.

एक्सेलमध्ये आता एवढे रकाने करा: कॉलनी, विक्रीचं वर्ष, कार्पेट, रक्कम, मीटरचा भाव, मजला, लिफ्ट आहे का, पार्किंग आहे का, इमारत कधीची. मीटरच्या भावाची सरासरी काढू नका, मधला आकडा म्हणजे मीडियन काढा, एखादा विचित्र सौदा सरासरी वाकडी करतो. आणि वर्षाला दोन-तीनच सौदे असतील तर तीन-तीन वर्षं एकत्र धरा, २००४-०६, २००९-११ असं. त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर 'अ' चा मीडियन भागिले 'ब' चा मीडियन, आणि ती पट कागदावर रेघेने काढा. रेघ वर चढतेय म्हणजे 'अ' पुढे जातेय, खाली येतेय म्हणजे 'ब' गाठतेय, सपाट असेल तर दोघी बरोबर चालल्यात आणि मग तुम्हाला जास्त विचार करायचं कारणच नाही.

महागाई वजा करायला इन्कम टॅक्सवाल्यांचा कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स हाताशी असतो, २००१-०२ ला १००, २००५-०६ ला ११७, २०१५-१६ ला २५४, २०२५-२६ ला ३७६. वरच्या उदाहरणात २००५ ते २०२५ महागाई ३.२१ पट झाली, फ्लॅट चौपट, म्हणजे खरी वाढ २० वर्षांत फक्त १.२४ पट, वर्षाला एक टक्क्याच्या जरा वर. ऐकायला चौपट केवढं मोठं वाटत होतं! त्यात हा इंडेक्स महागाईच्या वाढीतला ७५ टक्केच भाग धरतो, म्हणजे खरी वाढ याहूनही कमी. तेव्हा "तेव्हा वीस लाखाला घेतला, आता ऐंशी झाले" ऐकून हुरळून जायचं नाही, महागाईने भागल्याशिवाय बोलायचंच नाही.

भाड्याचा हिशेब लोक विसरतात. ८० लाखाच्या फ्लॅटला महिना २० हजार भाडं म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार, ३ टक्के. ६० लाखाच्या फ्लॅटला १८ हजार मिळत असेल तर ३.६ टक्के. हा फरक वीस वर्षं साठत गेला की भाववाढीतला फरक बराचसा भरून काढू शकतो, कधी ओलांडतो. घरपट्टी, मेंटेनन्स आणि रिकामे महिने वजा करा. भाडं धरताना वर्षभराच्या करारावर राहणाऱ्या कुटुंबाचं धरा, डिसेंबरमधल्या टुरिस्टच्या रात्रीचं नाही. बंद पडून असलेल्या फ्लॅटांकडेही बघा, गोव्यात बंद घरांचं प्रमाण देशात खूप वरचं आहे आणि ज्या कॉलनीत संध्याकाळी निम्म्या खिडक्या अंधारात असतात तिथे बाहेरच्या गुंतवणूकदारांचं राज्य असतं, भाव चढतो जोरात आणि विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो.

मग रेघेवर घटना मांडा, हा भाग मला सगळ्यात आवडतो. विधानसभा २००० साली पर्वरीला आली, हायकोर्टाची नवी इमारत २०२१ ला. खाणी २०१२ ला बंद, परत २०१८ ला बंद, तेव्हा पैसा आटला. नोटाबंदी २०१६. मांडवीवरचा अटल सेतू जानेवारी २०१९. कोविडनंतर घरून काम करणारे बाहेरचे लोक आले. नवा झुआरी पूल, एक बाजू डिसेंबर २०२२ ला आणि दुसरी २०२३ ला. मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमानं. प्रत्येक घटनेच्या तीन वर्षं आधी आणि तीन वर्षं नंतर पट किती बदलली ते बघा. पुलाचा परिणाम बरेचदा उद्घाटनाच्या आधीच भावात बसलेला असतो, कारण खांब उभे राहिले की जाहिराती सुरू होतात. झुआरी पुलामुळे सांकवाळ-कुठ्ठाळी पणजीला जवळ आली हे खरं, पण ती जवळीक तुमच्या रेघेत २०१८-१९ पासूनच दिसते की २०२३ नंतर, हे बघून ठरवा की आता घेणाऱ्याला काही उरलंय का. उलटही होतं, हायवेवरच्या उड्डाणपुलाचं काम काढलं की पर्वरीत धूळ आणि ट्रॅफिकने माणूस बेजार, त्या काळातले सौदे थोडे दबलेले असू शकतात, त्यावरून कॉलनीची किंमत ठरवू नका.

रेघेत जे दिसत नाही ते पावसात जाऊन बघायचं. जुलैमध्ये जा. मिरामार, करंझाळे, दोनापावला इथे खाऱ्या वाऱ्याने स्लॅबमधलं लोखंड गंजतं, प्लास्टर फुगून पडतं, आणि तीस वर्षांच्या बिल्डिंगला दुरुस्तीचा मोठा खर्च येतो, तो सगळ्या फ्लॅटवाल्यांत वाटला जातो. गच्चीवर पत्र्याचं छप्पर घातलेलं असेल तर खालची गळती जुनी आहे समजा आणि वरच्या मजल्यावाल्याला सरळ विचारा. पाण्याचं एप्रिल-मेमध्ये बघा, पर्वरीत टँकर मागवावा लागतो का, महिन्याला किती. मडगावला साळावलीचं पाणी, पणजीला ओपाचं, बारदेशला अस्नोड्याचं, आणि प्रत्येक लाइनच्या शेवटी असलेल्या कॉलनीचं दुखणं वेगळं. लिफ्ट नसलेल्या चार मजली बिल्डिंगमध्ये वरच्या दोन मजल्यांचा भाव दरवर्षी थोडा थोडा मागे पडतो कारण घेणारा आणि त्याचे आईवडील दोघंही म्हातारे होतायत.

सोसायटी रजिस्टर झालीय का हे नक्की विचारा. आपल्याकडे कितीतरी बिल्डिंगा वीस-वीस वर्षं सोसायटीशिवाय आहेत, जमीन अजून बिल्डरच्या किंवा भाटकाराच्या म्हणजे मूळ जमीनमालकाच्या नावावर. अशा ठिकाणी पुढे बिल्डिंग पाडून नवी बांधायची वेळ आली तर जमिनीतला हिस्सा कागदावर सिद्ध करावा लागतो आणि तिथेच अडतं. दोन कॉलन्या बाकी सगळ्या बाबतीत सारख्या असतील तर सोसायटी आणि जमिनीचे कागद साफ असलेली कॉलनी पुढची वीस वर्षं वर राहील असं माझं ठाम मत आहे. बोर्डच्या कॉलनीत असाल तर मंडळाच्या आल्त-पर्वरीच्या ऑफिसात जाऊन ट्रान्सफरला परवानगी लागते का, फी किती, जुनी थकबाकी आहे का हे विसार देण्याआधी विचारून घ्या, आणि ती रक्कम तुमच्या तुलनेत धरा.

शेवटी खर्च. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन फी भावाच्या टप्प्याप्रमाणे बदलते, त्या दिवसाचा दर बघा. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर एप्रिल २०१९ पासून ५ टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरात १ टक्का, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (राहायला परवानगीचा दाखला) मिळालेल्या किंवा जुन्या फ्लॅटवर काहीच नाही. नव्या कॉम्प्लेक्समधली पहिली खरेदी आणि जुन्या कॉलनीतला रिसेल यांची तुलना करताना हे धरलं नाही तर नवा फ्लॅट उगाच स्वस्त दिसतो. विकणार असाल तर जुलै २०२४ नंतरचा नियम सीएला विचारा, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरावर इंडेक्सेशन घेऊन (म्हणजे खरेदीची रक्कम महागाईप्रमाणे वाढवून) नफ्यावर २० टक्के कर की न घेता १२.५ टक्के हे निवडता येतं. ज्या फ्लॅटची वाढ महागाईच्या जेमतेम वर आहे त्याला बहुतेक इंडेक्सेशनवाला पर्याय हलका जातो, तेव्हा दोन्हीने हिशेब करून घ्या.

सगळं मांडून झालं आणि दोन कॉलन्यांत वर्षाला अर्ध्या-पाऊण टक्क्याचाच फरक निघाला, तर त्याला फरक म्हणू नका, सहा-सात जोड्यांच्या जिवावर एवढं बारीक मोजता येत नाही. तिथे ऑफिस किती लांब, मुलांची शाळा कुठे, आईला जिना चढवतो का, उन्हाळ्यात नळाला पाणी किती वाजता येतं यावर ठरवा. दीड-दोन टक्क्यांच्या वर फरक असेल, तिन्ही सुरुवातीच्या वर्षांपासून तोच येत असेल आणि भाडं धरूनही टिकत असेल, तरच त्याच्यासाठी राहतं घर बदलायचा विचार करा.